नव्या रावाची बाजू

जोडणं हाच माणसाचा मूळ धर्म आहे. भाषा, लग्न, राज्य, रेल्वे, या सगळ्यांच्या तळाशी एकच क्रिया आहे, आणि तिचा माग काढत गेलं तर लंडनपासून तंजावरपर्यंत एकच धातू सापडतो.

ही वाक्यं माझी नाहीत. संक्रांतीला सुरू होणारा तमिळ तै महिना लागल्यावर कुंभकोणममधल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आम्हा इथल्या मराठी मंडळींचं संमेलन झालं, तिथे चेन्नैहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी ती उच्चारली. 'धातू' हा शब्द संपताच माइक बंद पडला. मागे कुठेतरी वायर निसटली होती आणि ती जोडणारा माणूस जेवायला गेला होता. मानवजातीचा मूळ धर्म तेवढा वेळ खोळंबला. दरम्यान कॉफी देण्यात आली.

माइक परत आल्यावर पाहुण्यांनी विषय पूर्ण केला. इंग्रजीतला 'जॉइन' फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला, आणि लॅटिन आणि संस्कृत या बहिणी असल्यामुळे त्याचं आणि आपल्या 'योग' शब्दाचं मूळ एकच. तेव्हा इथून पुढे कुणी ऑफिसात जॉइन झालं, तर तो नकळत योगच करतो आहे असं समजावं. टाळ्या पडल्या. आमच्यातले निम्मे लोक बँकांतून निवृत्त झालेले आहेत. आपण तीसपस्तीस वर्षं योग करत होतो हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

माझ्या शेजारी रुक्कूअक्का बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. कॉफीचा डबरा, म्हणजे पितळी वाटी, खाली ठेवत ती म्हणाली, "जू राहिलें कीं, सरसू."

रुक्कूअक्का माझ्या मामांची मुलगी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिचं बोलणं अजून आमच्या घरांत टिकलेल्या जुन्या वळणाचं आहे. पुण्याचा पाहुणा ते ऐकतो तेव्हा आपल्या खापरपणजीला भेटल्यासारखा तोंडाकडे पाहत राहतो. मी ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकांतून पुढची मराठी शिकले आणि दोन्हीकडची राहिले नाही. पण अक्काचं म्हणणं बरोबर होतं. लॅटिनमधल्या त्या क्रियापदाचा जुना अर्थ बैल जुंपणं. इंग्रजीतला जुवाचा शब्द त्याच कुळातला, संस्कृतातलं 'युग' तेच, आणि आपलं जू त्या युगाचं झिजलेलं रूप. पाहुणे लॅटिनवरून थेट योगावर गेले होते. मधलं जू त्यांनी रस्त्यातलं शेण टाळावं तसं धोतर उचलून ओलांडलं.

आमच्या मामांनी ते कधी ओलांडलं नाही. म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

*

तै आला की मला मामांचं सुंदरपेरुमाळ कोयिल या गावातलं घर नाकानं आठवतं. आधी गवताच्या ताज्या गंजीचा वास, कोरडा आणि किंचित गोड. मग नव्या तांदळाच्या पेजेचा. तैच्या आधीच्या मार्गळीत महिनाभर पहाटे दारात काढलेल्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पांढऱ्या रेषा पायरीच्या खाचांत बसलेल्या असत आणि त्यावर मुंग्यांची ये-जा चाले. सकाळचं धुकं शेतावर इतकं खाली बसे की रेल्वेच्या बांधावरून जाणारी गाडी चाकांशिवाय जाते असं वाटे. मार्गळीत लग्नं होत नाहीत. त्यामुळे तै उजाडला की महिनाभर तुंबलेली स्थळं, पत्रिका आणि आत्या एकदम मोकळ्या सुटत. 'तै पिरंदाल वळि पिरक्कुम' असं इथले लोक म्हणतात: तै जन्मला की वाट जन्मते. कुठली वाट ते म्हण सांगत नाही.

आता तिथे यंत्र येतं. ते एका सकाळीत शेत कापतं, मळतं, पेंढा मागे टाकतं आणि दुसऱ्या गावाला जातं. पेंढा आखूड तुटतो, गंजी रचता येत नाही, आणि वासही तसा येत नाही. पण गंजीच्या वासासाठी कुणी कंबर मोडून भात कापावं असं मी म्हणणार नाही. ते मीही कधी कापलं नव्हतं. मी ओट्यावर परीक्षेची पुस्तकं घेऊन बसले होते आणि वास फुकट घेत होते.

त्या साली मी कुंभकोणमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. घरात धाकट्या भावंडांचा गलका, म्हणून पोंगलच्या सुटीत अभ्यासाला मामांकडे गेले. मामा बी.ए. होते, थोडीशी जमीन होती, आणि जमिनीपेक्षा शब्दकोश जास्त होते. गावात त्यांना सगळे 'रायर' म्हणत. इकडे आमच्या लोकांना तसंच म्हणतात. मामा जेवताना शब्द फोडत. 'जंक्शन' म्हणजे काय? जुंपणी! तंजावर जंक्शन आहे, कुंभकोणम नुसतं स्टेशन, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. इंग्रजीत नवराबायकोच्या नात्याला जे विशेषण आहे, 'कॉन्जुगल', त्यातही जूच. तमिळमध्ये जुवाला 'नुगम' म्हणतात तेही युगापासूनच, असं ते छातीठोक सांगत. पंडितांचं यावर काय मत आहे मला माहीत नाही. त्यांचा गडी मारिमुत्तु याचं मत असं होतं की नुगम बाभळीचं असावं.

मामांकडे बैलांची एक जोडी होती. डाव्या अंगाला पंत आणि उजव्या अंगाला राव. ही नावं मामांनीच ठेवलेली. आपल्या पूर्वजांच्या दरबारातले दोन मानकरी आपल्या गोठ्यात उभे आहेत ही त्यांची एक खासगी मौज होती. मारिमुत्तु त्यांना पंदु आणि रावु म्हणे, आणि दोघं त्याच नावांना ओ देत. मार्गळीच्या सुरवातीला राव आजारी पडला आणि गेला. पंत गोठ्यात उजवीकडची रिकामी जागा तशीच सोडून डावीकडे उभा राहू लागला. मामी म्हणाली की जनावराला दुःख झालं आहे. रुक्कूअक्का म्हणाली, "त्याचें दावें आखूड आहे."

*

त्याच मार्गळीत अक्काला पोस्टात नोकरी लागली. परीक्षा तिनं स्वतःच दिली होती, कुणाला फारसं न सांगता. कुंभकोणमच्या पलीकडे नाचियारकोविलला, पितळी समया ओतणाऱ्यांच्या गावात, कौंटरवर काम. तै महिन्याच्या अखेरीपर्यंत जॉइन व्हायचं होतं. नाही झालं तर जागा खालच्या नंबरवाल्याला जाणार.

मामांची पंचाईत अशी झाली की शब्द त्यांना अतिशय आवडला आणि गोष्ट अजिबात आवडली नाही. दोन दिवस ते त्या शब्दाभोवतीच फिरले. आपल्याकडे 'रुजू होणें' म्हणत, तो बाहेरून आलेला, त्यात जुंपण्याचा दम नाही, वगैरे. तिसऱ्या दिवशी मद्रासहून स्थळ आलं.

स्थळ म्हणजे आमच्या दृष्टीनं सोनंच. मराठी बोलणारं घर, गोत्र जुळणारं, मुलगा सरकारी कारकून. शिवाय घराण्याला तंजावरच्या दरबारात छत्री धरण्याचा मान होता. राजावर छत्री धरायची म्हणजे स्वतः उन्हात उभं राहायचं, पण हा तपशील त्यांच्या सांगण्यात येत नसे. रुक्कूअक्कानं त्यांचं नाव लगेच 'छत्रीवाले' पाडलं. छत्रीवाल्यांची अट एकच: सून नोकरी करणार नाही. काणुम पोंगलला, म्हणजे पोंगल संपताना लोक एकमेकांकडे जातात त्या दिवशी, ते मुलगी पाहायला येणार होते.

"अप्पा, मी जॉइन होणार आहें," अक्का म्हणाली. ती त्या वेळी केळीच्या पानावर वाळलेल्या मिरच्या निवडत होती.

"अग, तेही जॉइनच. हेही जॉइनच. पाहा, मूळ एकच."

"मूळ कोठें जातें?"

"जुवाशी."

"मग मान माझीच ना दोन्हीकडे?"

मामी आतून म्हणाली, "वादी मुलगी कोण घेईल, अस्की मिरची तिच्या तोंडांत!" 'अस्की' म्हणजे सगळी. आमच्या मामीच्या भाषेत जगातल्या सगळ्या गोष्टी अस्की असत, आणि त्या सगळ्या चुकीच्या जागी असत.

*

पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गाडी हवी, गाडीला जोडी हवी. मामा मारिमुत्तुला घेऊन बाजाराला गेले आणि दुपारी उन्हं कलताना नवा बैल घेऊन आले. नवा राव. मामांनी त्याचं सगळं पाहिलं होतं. रंग पंताशी जुळत होता. शिंगांचा बाक जुळत होता. दात पाहिले होते. अंगावरचे भोवरे तर त्यांनी पंचांगासारखे वाचले: खांद्याजवळचा राजयोगाचा, पाठीवरचा धनलाभाचा, घातक एकही नाही. बैल कुठल्या गावचा, आई कशी होती, आधीचं घर कसं होतं, हेही विचारलं. तोवर मारिमुत्तुचा हात टॉवेलाखाली विकणाऱ्याच्या हातात होता. इकडे भाव बोटांनी ठरतो, तोंडानं नाही, म्हणजे बाकीच्यांना कळत नाही. मामांना वाटलं, उरलेलं मारिमुत्तुनं विचारलं असेल. मारिमुत्तुला वाटलं, एवढं विचारणाऱ्या रायरांनी हेही विचारलंच असेल.

जोडीतला बैल एका बाजूचा असतो. लहानपणी त्याला डावीकडे शिकवलं तर तो जन्मभर डाव्या अंगाला चालतो, उजवीकडे घातला तर बिथरतो. हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असे. मलाही होतं. नवा राव कुठल्या अंगाचा, हे मात्र कुणीच विचारलं नाही. आमच्या लोकांनी लग्नं जमवतानाही कधी ते विचारलेलं मला आठवत नाही. गोत्र, रंग, घराणं, पत्रिका, आणि घरी मराठी बोलतात ना? बोलतात. मग झालं.

घरी आणल्यावरही कळलं असतं. मामी म्हणालीच, "एकदां जुंपून पाहा तरी." पण नव्या बैलाच्या मानेवर पहिलं जू मुहूर्तावरच पडायला हवं असं मामांचं म्हणणं. पंचांगात पाहिलं तर मुहूर्त नेमका काणुम पोंगलला, पाहुण्यांची गाडी येण्याच्या सुमारास निघाला. मामांना हा योग वाटला. तोही त्याच धातूचा.

तेव्हा त्या दिवशी गावानं असं दृश्य पाहिलं: मारिमुत्तु आणि त्याचे दोन मेहुणे रिकामी बैलगाडी हातानं ओढत स्टेशनकडे निघाले आहेत, आणि मागून दोन बैल, शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा, मोकळेच चालत येत आहेत. मामांनी नव्या रावाचं एक शिंग निळं आणि एक तांबडं रंगवून घेतलं होतं. मी आणि अक्का स्टेशनच्या फाटकापाशी उभ्या राहिलो. तिनं यायचं नव्हतं. ती म्हणाली, "मला पाहायला येतात, मी पण पाहतें."

आगगाडी उशिरा आली. मुहूर्त टळला, पण मामांनी रेल्वेच्या वेळेला शास्त्राधार आहे असं ठरवलं. छत्रीवाले उतरले. जानेवारी महिना, आकाश निरभ्र, आणि त्यांच्या हातात छत्री. मागे त्यांची बायको, आणि मुलगा. वसंत त्याचं नाव. उंच, खांद्यातून जरा वाकलेला, कपाळावर प्रवासाची धूळ. आईवडील बैलगाडीत बसले. तो म्हणाला, मी चालतो.

मामांनी हात जोडून काहीतरी संस्कृत म्हटलं आणि जू बैलांच्या मानांवर पडलं.

पहिली दोन पावलं दोघं सरळ गेले. मग नव्या रावाच्या लक्षात आलं की आपल्या उजवीकडे कुणी नाही आणि डावीकडे भलताच कुणी आहे. तो डावीकडे दाबू लागला. पंत तिथे आयुष्यभर चालत होता, तो हटेना. दोघांच्या मध्ये दांडी करकरली, गाडी डावीकडे वळली, आणखी वळली, आणि स्टेशनच्या आवारातल्या करंजाच्या झाडाभोवती तिनं प्रदक्षिणा घातली. मग दुसरी. छत्रीवाले दोन्ही हातांनी कठडा धरून ताठ बसले होते, दरबारात बसावं तसे. दुसऱ्या फेरीत नवा राव मटकन खाली बसला, गाडी पुढे कलली आणि छत्री आपली आपण उघडली.

फाटकाच्या पलीकडून मला एकाच माणसाचं हसू ऐकू आलं. मोठ्यानं नव्हे, आवरता न आल्यासारखं. तो वसंत होता. मी अक्काकडे पाहिलं. ती बैलाकडे पाहत होती.

*

घरी पाय धुऊन झाल्यावर रीतसर पाहणं झालं. छत्रीवाले घडलेल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं खोलीभर बसून होतं. वातावरण सुधारावं म्हणून मामांनी विषय काढला. कुठला ते सांगायला नको. जॉइन, जू, योग, आणि हा विवाह म्हणजे कसा त्या सर्वांचा संगम.

"मुलगी पोस्टांत जॉइन होणार होती म्हणे," छत्रीवाले म्हणाले. 'होती' वर त्यांनी अगदी सावकाश पाय ठेवला.

अक्का कॉफी देत होती. डबरा त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "अप्पा म्हणतात दोन्हीकडे जूच. तर ज्याला महिन्याअखेर पगार मिळतो तें घ्यावें म्हणतें."

मामीनं कपाळाला हात लावला. मामा, मला अजून खात्री आहे, क्षणभर व्युत्पत्ती बरोबर लावल्याच्या आनंदात होते. आणि वसंत पुन्हा हसला. या वेळी त्यानं आवरलं नाही, आणि हसून झाल्यावर अक्काकडे नीट पाहिलं. ती आत गेली.

मला वाटलं, मिटलं. पण तिसऱ्या दिवशी निरोप आला की मुलगी तोंडाळ आहे, घर चांगलं आहे, मुलाला पसंत आहे. याच महिन्यातला मुहूर्त धरावा. नोकरीचा प्रश्न अर्थातच उरत नाही.

मामी पत्रिका पुढे घेऊन बसे. अक्का रोज कामं करी, आणि रोज संध्याकाळी तिची प्रवासाची पिशवी भिंतीवरच्या खुंटीला आहे की नाही ते पाहून घेई. 'हो' म्हणायचं की 'नाही' ते मामांच्या हातात होतं. मामा रोज सकाळी गोठ्यात जात आणि दोन्ही बैलांना जू लावून पाहत. जोडी चालली तर होकार, अशी अटच त्यांनी घातली होती जणू, कुणाला न सांगता. मारिमुत्तुनं नव्या रावाला गूळ दिला, डोळे बांधले, ओरडून पाहिलं. पंताला उजवीकडे घेऊन पाहिलं, तर तोही बसला. अंगणात त्या दोघांच्या खुरांनी एक मोठं वर्तुळ उमटलं होतं, आणि सकाळी झाडताना मामी त्याच्या आतून वाट काढी.

मी पुस्तक उघडं धरून हे सगळं पाहत होते. अक्काची मुदत सरत आली होती. एका दुपारी मी तिला विचारलं, "तुला काय पाहिजे, अक्का? खरें सांग."

"मला जायचें आहे."

"आणि तो?"

ती सुपातलं भात पाखडत होती. कोंडा उडाला, तिनं तोंड बाजूला केलं. "तो बरा आहे," ती म्हणाली. "पण तो एकटा येत नाहीं ना. छत्री घेऊन येतो."

शेवटी मामा एका रात्री जेवताना थांबले. भातात ताक कालवलेलं, हात तसाच. म्हणाले, "नाहीं होत. ज्याची बाजू ठरली त्याला दुसऱ्या बाजूला जुंपणें हें पाप. मुक्या जनावरानें सांगितलें, तरी मी ऐकूं नये?" मग अक्काकडे न पाहता, "उद्यां कळवतों त्यांना. तूं जॉइन हो."

मामी रडली. मामांनी पुढच्याच बाजाराला नवा राव विकला. पंताला नंतर पुष्कळ दिवस जोडी मिळाली नाही, आणि मग घरोघर ट्रॅक्टर आले.

*

अशी ही आमच्या घरची गोष्ट. मी ती किती ठिकाणी सांगितली असेल! माझ्या मुलीनं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी तिच्या होऊ घातलेल्या सासूला हीच सांगितली, आणि त्या बाई खरोखर गप्प झाल्या. बैलाची एक बाजू असते, माणसाचीही असते. सांगायला सोपी, ऐकायला सुंदर, आणि कुणाचाच दोष नाही. शिवाय एक शब्दकोशवाला बाप मुलीपुढे नव्हे तर बैलापुढे नमतो, हे आमच्या घराण्याला शोभेसं.

मामा मात्र पुढे पुढे तीच गोष्ट वेगळ्या तोंडानं पाहू लागले होते. म्हातारपणी ते अक्काकडेच राहायला आले. ती कामावरून येई, स्वयंपाक करी, त्यांचं सगळं करी. ती आत असली की ते मला हळूच विचारत, "सरसू, ही एकटी राहिली. मी बैलाचें ऐकलें, हें बरें केलें ना?" मी म्हणे, बरं केलंत. तिलाही विचारत. ती म्हणे, "बैल शहाणा होता, अप्पा." एवढ्यानं त्यांचा चेहरा सैल पडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत. गेले तेव्हाही, मला वाटतं, त्यांचं विचारून संपलं नव्हतं. ज्या धातूचा योग, त्याचाच वियोग, हे त्यांनी आम्हाला कधीच शिकवलं नाही. माहीत नसेल असं नाही.

तर त्या दिवशी हॉलमध्ये प्रमुख पाहुण्यांनंतर मला दोन शब्द बोलायचे होते. कोणते ते ठरलेलेच. निवेदकानं माझं नाव घेतलं, मी पदर सावरून उठले, आणि रुक्कूअक्कानं माझं मनगट धरलं.

"सरसू, बैल सांगूं नको."

"कां?"

"तो चालला."

मला कळलं नाही. ती पुढे वाकून, टाळ्यांच्या आवाजात, तार वाचून दाखवावी तसं सांगत गेली. "नवा राव. मी जॉइन झालें त्या पहिल्याच आठवड्यांत पाहिला. नाचियारकोविलच्या रस्त्यावर, समयावाल्यांच्या कोळशाची गाडी ओढत होता. एक शिंग निळें, एक तांबडें, रंग उडाला नव्हता अजून. उजव्या अंगाला होता."

"उजव्या?"

"उजव्या. सरळ चालला होता. रवंथ करीत."

निवेदकानं माझं नाव दुसऱ्यांदा घेतलं.

"आणि तूं घरीं सांगितलें नाहींस?"

"काय सांगूं? छत्रीवाल्यांनीं नाहीं म्हटलें नव्हतें. ते थांबून होते, अप्पांचें मन फिरेल म्हणून. आणि बैल उजवीकडे चालतो हें कळलें असतें तर अप्पांनीं मला दुसऱ्या दिवशीं कौंटरवरून उठवून आणलें असतें." तिनं माझं मनगट सोडलं. "मग एक वर्ष गेलें. मग अप्पा विचारूं लागले, तेव्हां तर सांगतांच येईना."

मी मंचावर गेले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बहुधा भाषा जपली पाहिजे असं काहीतरी बोलले असेन, ते कुठेही चालतं. खाली अक्का कॉफीचा रिकामा डबरा हातात फिरवत बसली होती. कितीतरी वर्षं ती एका म्हाताऱ्याला रोज सांगत राहिली की बैल शहाणा होता. तेवढं वाक्य तिला दर वेळी किती जड गेलं असेल, ते मी माइकसमोर उभी राहून पहिल्यांदा मोजू पाहत होते, आणि जमत नव्हतं. नव्या रावाला मामांकडे नेमकं काय नको होतं? जू? पंत? अंगण? की मारिमुत्तुचा गूळ? एका आयुष्याची दिशा ठरली, ती एका जनावराच्या त्या आठवड्यातल्या लहरीवर. आणि ती लहर आम्ही पुढे तत्त्व म्हणून वाटत सुटलो. माझ्या मुलीलाही त्यातलं मिळालं आहे. तिला आता काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. तिचा निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. फक्त का, ते आता सांगता येत नाही.

जेवणं झाली. डांगराची पचडी होती, आंबट वरण होतं, आणि प्रमुख पाहुण्यांना समई भेट देण्यात आली. समईचे भाग सुटे करून खोक्यात भरलेले असतात, घरी गेल्यावर फिरवून जोडायचे. पाहुण्यांनी ते मंचावरच जोडायला घेतले, फोटोसाठी. वरचा हंस शेवटपर्यंत बसला नाही. फोटो तसाच काढण्यात आला.

निवृत्तीनंतर अक्का नाचियारकोविललाच राहते. मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. उन्हं उतरली होती, रस्त्याच्या कडेला कुणीतरी यंत्रानं मळलेलं भात डांबरावर वाळत घातलं होतं आणि बसेस त्यावरून जात होत्या.

मग मी विचारलं, "वसंताचें काय झालें ग?"

"लग्न झालें म्हणून ऐकलें. मुलें आहेत." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हंसणारा होता."

बस लागली. ती पायरीवर चढली, आणि मला एक प्रश्न राहिला होता तो मी खालूनच विचारला. जोडी होती म्हणजे दुसराही एक असणार. नवा राव ज्याच्या शेजारी उजवीकडे मुकाट चालला, तो डाव्या अंगाला कोण होता, कसा होता? त्याच्यात असं काय होतं जे आमच्या पंतात नव्हतं? मला वाटलं, सगळ्याचं उत्तर असेल तर तिथे असेल.

अक्कानं खिडकीतून जरा आठवून पाहिलं.

"पाहिला नाहीं ग," ती म्हणाली. "माझी बस सुटत होती."